स्टँड भरलेले तरी ट्रॅकला कुलूप: नॉर्थ विल्क्सबोरोची केस

२९ सप्टेंबर १९९६. नॉर्थ कॅरोलायनातल्या नॉर्थ विल्क्सबोरो नावाच्या गावात नॅसकारची मोठी रेस झाली, जेफ गॉर्डन जिंकला, डेल अर्नहार्ट दुसरा आला, स्टँड खचाखच भरलेले. आणि त्यानंतर गेटला कुलूप. तोट्यात होता म्हणून नाही, अपघात झाला म्हणून नाही, लोक यायचे बंद झाले म्हणून तर अजिबातच नाही. जवळजवळ ५० वर्षं चाललेला ट्रॅक, नॅसकारच्या अगदी पहिल्या सिझनपासून कॅलेंडरवर असलेला, टॉप सिरीजच्या ९३ रेस पाहिलेला, आणि तो चालू हालतीत बंद पडला. मला ही केस इंटरेस्टिंग वाटते ती याच्यासाठी. धंदा बुडून ट्रॅक बंद पडल्याच्या गोष्टी ढिगाने सापडतात, इथे गिऱ्हाईक दारात उभं असताना शटर ओढलंय.

आपल्याकडे रेसिंग म्हटलं की लोकांना एफ वन आठवतं, त्यामुळे दोन शब्द आधी. नॅसकार ही अमेरिकेतली स्टॉक कारच्या रेस भरवणारी संस्था. स्टॉक कार म्हणजे दिसायला रोजच्या रस्त्यावरच्या गाडीसारखी गाडी, आतून पूर्ण वेगळी, आणि ओव्हल म्हणजे लांबट गोल ट्रॅक, सगळी वळणं डावीकडे. ऐकायला बोअर वाटतं पण छोट्या ओव्हलवर तीसेक गाड्या एकमेकींना घासत, ढकलत तीन-चार तास फिरतात तेव्हा ते प्रकरण कुस्तीच्या फडाच्या जास्त जवळ जातं. नॉर्थ विल्क्सबोरोचा ट्रॅक ०.६२५ मैलांचा, म्हणजे जवळपास बरोब्बर एक किलोमीटर. १९-२० सेकंदात एक चक्कर, आणि अशा ४०० चकरा.

आता हा ट्रॅक तिथेच का, तर दारूमुळे. विल्क्स काउंटी डोंगराळ भाग, शेती जेमतेम, मक्याला भाव नाही, पण त्याच मक्याची हातभट्टी लावली तर पैसा होता. अमेरिकेत दारूबंदी १९३३ ला उठली तरी हातभट्टी काही थांबली नाही, कारण सरकारी टॅक्स चुकवायचाच होता. मग रात्री ती दारू शहरात पोचवायची, मागे रेव्हेन्यू खात्याची माणसं लागलेली, त्यामुळे गाडी बाहेरून साधी फोर्ड दिसायला हवी आणि आतून इंजिन भन्नाट हवं, मागच्या स्प्रिंग कडक केलेल्या म्हणजे डिकीत शंभरेक गॅलन माल भरला तरी गाडी बसलेली दिसणार नाही. असली पोरं आणि असल्या गाड्या एका भागात गोळा झाल्या की रविवारी कोणाची गाडी जास्त पळते ही भांडणं होणारच, ती शेतात रिंगण आखून मिटवली जायची. स्टॉक कार रेसिंगचा सगळा उगम दारूतच आहे असं म्हणणं जरा अतिच, पण विल्क्सपुरतं ते खरं आहे.

त्यातला सगळ्यात मोठा माणूस ज्युनिअर जॉन्सन, ह्याच काउंटीतला, घर ट्रॅकपासून काही मैलांवर. बापाची भट्टी, पोरगं खेपा टाकणारं. गंमत म्हणजे त्याला रस्त्यावर गाडी चालवताना कधीच पकडता आलं नाही, १९५६ ला पकडला तो बापाच्या भट्टीवर, आणि ओहायोच्या फेडरल तुरुंगात ११ महिने काढले. बाहेर येऊन परत रेसिंग. ड्रायव्हर म्हणून ५० रेस जिंकला, त्यातली शेवटची १९६५ साली ह्याच घरच्या ट्रॅकवर, आणि नंतर टीमचा मालक म्हणून ६ चॅम्पियनशिप, तीन केल यारबरोसोबत, तीन डॅरेल वॉल्ट्रिपसोबत. १९८६ च्या ख्रिसमसला अध्यक्ष रेगननी त्याला माफी दिली. आज गावाजवळून जाणाऱ्या हायवे ४२१ च्या एका पट्ट्याला त्याचं नाव आहे, ज्या भागात पोलिस त्याच्या मागे लागायचे त्याच भागात.

बरं, ट्रॅककडे येऊ. १९४६ मध्ये इनॉक स्टेली नावाच्या स्थानिक माणसाने कॉम्ब्स कुटुंबातले दोघे आणि आणखी एकाला सोबत घेऊन जमीन खणायला सुरुवात केली. हातात किती, तर १५०० डॉलर. जमीन उतारावर, ती सपाट करायला जेवढा पैसा लागणार तेवढा नव्हता, मग जेवढं झालं तेवढं केलं आणि सोडून दिलं. त्यामुळे ह्या ट्रॅकचा पुढचा सरळ पट्टा उताराचा आहे आणि मागचा चढाचा. अख्ख्या नॅसकारमध्ये असली चीज दुसरी नाही. पुढे डांबर पडलं, भिंती आल्या, स्टँड वाढले, पण तो उतार तसाच राहिला. आणि ती कंजुषीच ह्या ट्रॅकची ओळख झाली. स्टँडसमोरून गाडी उतारावर सुसाट सुटते, पहिल्या वळणाला अपेक्षेपेक्षा जास्त स्पीडने पोचते, ब्रेक जास्त दाबावे लागतात, मग दुसऱ्या वळणातून बाहेर पडताना समोर चढ, तिथे ॲक्सिलरेटर दाबला की मागचे टायर घसरतात आणि झिजतात. म्हणजे एकाच चकरीत गाडीकडून दोन उलट्या गोष्टी मागितल्या जातात, आणि सेटअप करणारा मेकॅनिक कुठल्या तरी एका टोकाला पाणी सोडतोच.

पहिली रेस १८ मे १९४७. प्रमोटर बिल फ्रान्स, तोच ज्याने पुढच्या वर्षी नॅसकार उभं केलं. तीनेक हजार लोक येतील असा अंदाज होता, आले दहा हजाराच्या आसपास. फॉन्टी फ्लॉक जिंकला. मग १९४९ ला नॅसकारचा पहिला सिझन झाला, एकूण आठ रेसचा, त्यातली शेवटची १६ ऑक्टोबरला इथेच, ती त्याचा भाऊ बॉब फ्लॉक जिंकला. १९५७ ला मातीवर डांबर आलं. इनॉकचा भाऊ ग्विन स्टेली स्वतः चांगला ड्रायव्हर होता, १९५८ मध्ये रिचमंडला रेस चालू असताना वारला, नंतर बरीच वर्षं इथल्या वसंतातल्या रेसला त्याचं नाव होतं.

साठ ते नव्वदचं दशक म्हणजे ह्या ट्रॅकचा बहर. वर्षाला दोन मोठ्या रेस, एक एप्रिलच्या आसपास, एक सप्टेंबर-ऑक्टोबरला. रिचर्ड पेटी इथे १५ वेळा जिंकला, वॉल्ट्रिप १०. सगळ्या रेस सांगत बसलो तर रात्र जाईल, पण १९९१ ची सांगायलाच हवी. हॅरी गँट, वय ५१, त्या सप्टेंबरमध्ये लागोपाठ चार रेस जिंकून आला होता, लोक त्याला मिस्टर सप्टेंबर म्हणायला लागलेले, पाचवी इथे, आणि ४०० पैकी ३५० चकरा तो पुढे. मग ब्रेकच्या सिस्टीममधली एक रबरी रिंग गेली, किंमत म्हणे दहा सेंट, ब्रेक संपले. आता ज्या ट्रॅकवर उतारावरून पहिल्या वळणात शिरायचंय तिथे ब्रेक नसताना गाडी चालवून बघा. तरी तो माणूस पुढेच होता, शेवटच्या नऊ चकरा उरल्या तेव्हा अर्नहार्टने त्याला गाठलं. दुसरा आला. ब्रेक नसताना दुसरा! आणि १९९४ मध्ये जेफ बोडाइनने इथे बाकी सगळ्यांना किमान एक चक्कर मागे टाकून रेस जिंकली, टॉप सिरीजमध्ये त्यानंतर ते कोणालाच जमलेलं नाही.

हे सगळं छान. पण ह्याच काळात धंद्याचं गणित खालून सरकत होतं.

इनॉक स्टेलीचा धंदा करायचा प्रकार जुना होता. तिकीट परवडणारं, खाणं स्वस्त, पार्किंग गवतावर, येणारा माणूस ओळखीचा. बिल फ्रान्सशी जुनी दोस्ती, त्यामुळे दोन तारखा मिळत राहायच्या. खर्च मात्र कमीत कमी. नव्वदीत टीव्ही आणि स्पॉन्सर लोकांचा पैसा आला तेव्हा बाकीचे ट्रॅक काचेच्या एसी खोल्या, मोठे स्टँड, मोठी बक्षिसं करत सुटले आणि नॉर्थ विल्क्सबोरोची बक्षिसाची रक्कम कॅलेंडरवर खालच्या नंबरात राहिली. सीट चाळीस हजाराच्या घरात, गाव चार-साडेचार हजार वस्तीचं, राहायला धड हॉटेलं नाहीत. स्टेलीला खलनायक करायचा माझा हेतू नाही, त्याने ५० वर्षं ट्रॅक कर्जात न बुडवता चालवला, हे कितीजणांना जमलं? पण ज्याने वाढायला नकार दिला त्याची तारीख दुसऱ्या कोणाच्या डोळ्यात भरणार हे दिसत होतं.

आणि सगळी मेख ह्या तारखेतच आहे. ट्रॅकची जमीन, डांबर, स्टँड ह्याला फार किंमत नव्हती, खरी किंमत नॅसकारच्या कॅलेंडरवरच्या त्या दोन रविवारांना होती. वर्षात रविवार मोजके, नॅसकार नवीन तारखा सहजी देत नाही, मग ज्याला नवा ट्रॅक बांधून रेस हवीये त्याने काय करायचं? तारीख असलेला जुना ट्रॅक विकत घ्यायचा आणि तारीख उचलून न्यायची. ब्रूटन स्मिथ हा ह्याच राज्यातल्या शार्लट शहराच्या ट्रॅकचा मालक, त्याची कंपनी स्पीडवे मोटरस्पोर्ट्स फेब्रुवारी १९९५ ला न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजवर लिस्ट झाली, रेसिंग धंद्यातली पहिलीच. हातात पैसा, डोक्यात टेक्सासला दीड लाख सीटचा ट्रॅक, आणि तारीख नाही. दुसरीकडे बॉब बाहरे, त्याचा न्यू हॅम्पशायरचा ट्रॅक, १९९३ पासून वर्षाला एक रेस मिळालेली, दुसरी हवी होती.

नॉर्थ विल्क्सबोरोची मालकी अर्धी स्टेलीकडे, अर्धी कॉम्ब्स कुटुंबाकडे. मे १९९५ मध्ये इनॉक स्टेली वारला. महिन्याभरात कॉम्ब्स मंडळींनी आपला अर्धा हिस्सा ब्रूटन स्मिथला विकला, सुमारे ६० लाख डॉलरला. इनॉकने घरच्यांना सांगून ठेवलं होतं म्हणतात की ब्रूटनला विकू नका, पण आता ब्रूटनच पन्नास टक्क्यांचा भागीदार होऊन शेजारी बसला. ज्यांच्या सातबाऱ्यावर कधी बाहेरचं नाव चढलंय त्यांना ही घालमेल वेगळी सांगायला नको. स्टेली कुटुंबाने ब्रूटनला विकायचं नाही हा शब्द पाळला, आणि १ जानेवारी १९९६ ला आपला हिस्सा बॉब बाहरेला विकला, सुमारे ८० लाखाला. शब्द पाळला आणि ट्रॅक गेला. कारण आता दोन मालक झाले, दोघांनाही ट्रॅक नको होता, दोघांनाही एक-एक तारीख हवी होती. गणित इतकं सरळ की भांडायला जागाच नाही. १९९७ ला एक तारीख टेक्सासला गेली, एक न्यू हॅम्पशायरला.

१९९६ चा सिझन त्यामुळे सगळ्यांना माहीत असलेला निरोपाचा सिझन होता. एप्रिलची रेस टेरी लबाँटी जिंकला, त्याच दिवशी त्याने लागोपाठ ५१३ रेसमध्ये उतरायच्या पेटीच्या रेकॉर्डशी बरोबरी केली. सप्टेंबरची वर सांगितलीच.

पुढची वर्षं थोडक्यात. ट्रॅक दोघांच्या मालकीत अडकून पडला, एकाला दुसऱ्याशिवाय काही करता येईना आणि दोघांनाही काही करायचंच नव्हतं. डांबराच्या भेगांतून गवत, मग झुडपं, भिंतीवरच्या १९९६ च्या जाहिराती उन्हात उडत गेलेल्या, हायवेवरून जाताना दिसायच्या. २००७ च्या शेवटी बाहरेने न्यू हॅम्पशायरचा ट्रॅक ३४ कोटी डॉलरला स्पीडवे मोटरस्पोर्ट्सला विकला आणि इथला हिस्साही त्या कंपनीकडे गेला, म्हणजे शेवटी सगळं ब्रूटनकडेच. २०१० ला एकांनी भाड्याने घेऊन छोट्या सिरीजच्या काही रेस लावल्या, लोक आले, पण नॅसकारच्या तारखेशिवाय एवढ्या जुन्या डोलाऱ्याचा खर्च निघेना, २०११ ला परत बंद.

गावाचं काय झालं हे बघताना फक्त ट्रॅक धरून चालत नाही. लोज ही हार्डवेअरची प्रचंड कंपनी ह्याच गावात १९२१ ला एका दुकानातून सुरू झाली, २००३ ला तिने मुख्य ऑफिस मूर्सव्हिलला हलवलं. होली फार्म्स ही कोंबड्यांची कंपनी, जिच्या नावाने शरदातली रेस व्हायची, ती १९८९ ला टायसन ह्या दुसऱ्या मोठ्या कंपनीने घेतली. म्हणजे दारू, रेस, दुकान, कोंबडी, गावाने जे जे उभं केलं त्याची चावी एकेक करून बाहेर गेली. आणि ह्यातलं सगळ्यात खुपणारं म्हणजे १९९९ ला ह्याच लोजने पैसे मोजून आपलं नाव एका ट्रॅकला दिलं, कुठल्या? ब्रूटनच्या शार्लटला. दहाएक वर्षं तो लोज मोटर स्पीडवे म्हणून चालला आणि इकडे जन्मगावच्या ट्रॅकवर झाडं उगवत होती.

परत उभा कसा राहिला ह्याबद्दल चाहत्यांच्या प्रेमामुळे वगैरे म्हणतात, ते ऐकायला गोड आहे पण मला पटत नाही. प्रेम १९९६ लाही होतं आणि २०११ लाही. बदललेल्या गोष्टी तीन. पहिली, स्पीडवे मोटरस्पोर्ट्स २०१९ मध्ये शेअर बाजारातून बाहेर पडली, परत घरची झाली, आणि सूत्रं ब्रूटनचा मुलगा मार्कस स्मिथकडे होती. दर तीन महिन्यांनी आकडे दाखवायचं बंधन नसलं की असले खेळ करायला मोकळीक मिळते, हा माझा अंदाज. दुसरी, डेल अर्नहार्ट ज्युनिअर, वर आलेल्या अर्नहार्टचा मुलगा आणि स्वतःही मोठा ड्रायव्हर. डिसेंबर २०१९ मध्ये हा पठ्ठ्या माणसं घेऊन ट्रॅकवर आला, गवत उपटलं, झुडपं तोडली, कशासाठी तर आयरेसिंग ह्या कॉम्प्युटर गेमसाठी लेझरने ट्रॅकचं माप घ्यायचं होतं. प्रत्यक्षात वाचणार नसेल तर निदान गेममध्ये तरी राहू दे, एवढाच हिशोब. आणि मग कोविड आला, खऱ्या रेस बंद, ड्रायव्हर घरून गेमवर रेस करायला लागले, टीव्हीवर लाइव्ह, आणि ९ मे २०२० ला त्यांची रेस झाली ती ह्या मेलेल्या ट्रॅकवर. डेनी हॅमलिन जिंकला. लाखो लोकांनी तो उताराचा पट्टा स्क्रीनवर बघितला.

तिसरी गोष्ट सरकारी पैसा, आणि माझ्या मते निर्णायक हीच. कोविडनंतर केंद्राकडून राज्यांना मदत आली, त्यातून गव्हर्नर रॉय कूपर यांनी नोव्हेंबर २०२१ ला सही केलेल्या बजेटमध्ये नॉर्थ विल्क्सबोरोला १ कोटी ८० लाख डॉलर, शार्लटला १ कोटी ३० लाख, राज्यातल्याच रॉकिंगहॅमच्या ट्रॅकला ९० लाख. पाणी, सांडपाणी असली कामं. जो खर्च मालकाने २५ वर्षं केला नाही तो करदात्याने केला, ह्यावर नाक मुरडणारे आहेत आणि त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. ज्या कंपनीने तारीख उचलून नेली तिच्याच मालमत्तेवर हा पैसा लागला. पण दुसरी बाजू अशी की पाण्याची लाइन टाकायला कुठलाही धंदेवाला त्या गावात आला नसता.

ऑगस्ट २०२२ ला गाड्या परत धावल्या. ब्रूटन स्मिथ त्याच्या दोनच महिने आधी, जूनमध्ये वारला होता. ३१ ऑगस्टच्या लेट मॉडेल, म्हणजे खालच्या पातळीवरच्या स्टॉक कारच्या रेसला अर्नहार्ट ज्युनिअर स्वतः उतरला, तिसरा आला, गर्दी अशी की गाव तुंबलं. आठवडाभरात नॅसकारने जाहीर केलं की २०२३ ची ऑल-स्टार रेस, म्हणजे निवडक ड्रायव्हरांची, चॅम्पियनशिपमध्ये न मोजली जाणारी, दहा लाख डॉलर बक्षिसाची, इथे होणार. २१ मे २०२३ ला काइल लार्सन जिंकला, १९८१ सालच्या त्याच जुन्या डांबरावर. जुनं डांबर म्हणजे सँडपेपर, टायर खातं, त्यामुळे ड्रायव्हरला सांभाळून चालवावं लागतं आणि रेस रंगते, म्हणून ते ठेवा असं बरेचजण म्हणत होते, पण ते उखडायला लागलं होतं. सिझननंतर नवीन टाकलं. मग २०२४ ला जोई लोगानो २०० पैकी १९९ चकरा पुढे राहून जिंकला, म्हणजे डांबर नवं आणि रेस सपक, हे जुनं ठेवा म्हणणाऱ्यांनी आठवण करून करून सांगितलं. २०२५ ला क्रिस्टोफर बेल, ती बरी झाली.

मधल्या डागडुजीत, २०२४ च्या सुरुवातीला, पुढच्या स्टँडखाली एक पोकळी सापडली, सुमारे ७०० चौरस फुटांची गुहाच. तिथे भट्टी होती का ह्यावर लगेच चर्चा सुरू. ट्रॅकवाल्यांनी बातमी चांगली पिकवली, आणि का पिकवू नये.

आणि मग ऑगस्ट २०२५ ला २०२६ चं कॅलेंडर आलं. नॉर्थ विल्क्सबोरोला १९ जुलै २०२६ ची पॉइंट्सवाली रेस, खरी, चॅम्पियनशिपमध्ये मोजली जाणारी, १९९६ नंतर पहिली. गावात जल्लोष. पण कॅलेंडरवर रविवार तेवढेच, मग ही तारीख आली कुठून? ऑल-स्टार रेस गेली डेलावेअरमधल्या डोव्हरला, आणि डोव्हरची पॉइंट्सवाली रेस कॅलेंडरवरून गेली. डोव्हरला १९६९ पासून दरवर्षी पॉइंट्सची रेस झाली होती, एकही वर्ष न चुकता. आणि डोव्हर २०२१ पासून कोणाकडे आहे? स्पीडवे मोटरस्पोर्ट्सकडेच.